कोंबडीला भूक कशी कळते?

अंगणात मूठभर दाणे टाका. कोंबड्या धावत येतात आणि टकाटक दाणे टिपू लागतात. थोड्या वेळाने मात्र दाणे समोर असूनही त्या बाजूला होतात. माती उकरतात, पंख साफ करतात. “आता पुरे” असं त्यांना कोण सांगतं?

पोट सांगतं, असं आपण म्हणू. ते अर्धंच खरं आहे. पोट नुसता निरोप धाडतं. हुकूम देतो तो मेंदू.

कोंबडीचा मेंदू जेमतेम ३-४ ग्रॅमचा. त्याच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. भुकेचा कारभार मुख्यतः तिथून चालतो. शास्त्रज्ञांनी हे पारखून पाहिलं आहे. या भागातली एक जागा निकामी केली, तर कोंबडी दाण्यांना तोंड लावीत नाही. दुसरी जागा निकामी केली, तर ती खातच राहते आणि लठ्ठ होते.

मेंदूला निरोप कुठून येतात? कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो. तिन्हीसांजेला पिशवीला हात लावून पाहा, ती टम्म भरलेली लागेल. अंधारात कोंबडी दाणे टिपत नाही, म्हणून ती रात्रीची शिदोरी आधीच भरून घेते. पिशवी, आतडी आणि रक्त यांच्याकडून मेंदूला सारखी खबर जाते.

इथे एक नवल आहे. घ्रेलिन नावाचा एक रस माणसाच्या जठरातून रक्तात उतरतो. त्याने माणसाची भूक वाढते. कोंबडीच्या पिलाच्या मेंदूत तोच रस घातला, तर पिलू खाणं कमी करतं! म्हणून आपल्यावरून कोंबडीचा अंदाज बांधू नये.

उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते. अन्न पचताना अंगात ऊब वाढते, ती तिला सोसत नाही. म्हणून दाणे सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर टाकावेत. पाणी मात्र दिवसभर सावलीत ठेवावं.

खुडूक कोंबडीही फार थोडं खाते. २१ दिवस अंडी उबवायची, तर सारखं उठून कसं चालेल? मेंदू तिची भूकच कमी करतो. ती वाळते, पण तो आजार नव्हे. तिला कोंबून खायला घालू नका. दाणापाणी जवळ ठेवा, म्हणजे झालं.

आजारी कोंबडीचं मात्र वेगळं. अंगात रोग शिरला की भूक मंदावते. मग ओळखायचं कसं? खुडूक कोंबडीजवळ हात नेला, की ती पिसं फुलवून अंगावर येते. आजारी कोंबडी पंख पाडून, डोळे मिटून बसते. हात लावला तरी तिला पर्वा नसते.

किती तरी घरांत बाईचं मीठ-मिरची चार कोंबड्यांच्या अंड्यांवर चालतं. मानमोडीची साथ आली, तर थोड्या दिवसांत खुराडं रिकामं होतं. हा रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. लस आधीच टोचून घ्यावी लागते. म्हणून सकाळी दाणे टाकून लगेच पाठ फिरवू नका. घटकाभर उभे राहा. कोण खातं, कोण खात नाही, ते बघा. न खाणारी आजारी दिसली, तर तिला त्याच दिवशी वेगळी ठेवा आणि गुरांच्या दवाखान्यात विचारा.

सांगा पाहू:
१. खुडूक आणि आजारी कोंबडी कशी ओळखाल?
२. उन्हाळ्यात दाणे केव्हा टाकाल?
३. तुमच्या कोंबड्यांना लस टोचली आहे का?