लिनक्सचे प्रात्यक्षिक कसे योजावे

संगणकाचे जाणकार मेळावा भरवितात, तेव्हा यंत्राच्या करामती दाखविण्याचा मोह त्यांस आवरत नाही. पाहणारे थक्क होऊन घरी जातात आणि शाळेतील संगणक पूर्ववत झाकलेलाच राहतो. केंद्रसंमेलनात लिनक्सचे प्रात्यक्षिक ठेवावयाचे झाल्यास हे प्रथम टाळावे.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून सर्वांस खुला केला. आज तिची आठवण होण्याचे कारण वेगळे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. अशी यंत्रे अडगळीत टाकण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते का, हे पाहणे अगत्याचे आहे. म्हणून प्रात्यक्षिकास कोणाचा नवा लॅपटॉप न आणता केंद्रातील एखाद्या शाळेचाच जुना संगणक घ्यावा.

पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालविता येते. त्याने यंत्रातील मजकुरास धक्का लागत नाही. मात्र ‘इन्स्टॉल’ची वाट त्या दिवशी कोणी धरू नये. तीत सारी डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो, आणि गेलेल्या नोंदी परत मिळतीलच असे नाही.

दाखवावयाचे काम एकच असावे: लिब्रेऑफिसमध्ये मराठी प्रश्नपत्रिका तयार करणे. टंकलेखनास इनस्क्रिप्ट पद्धती घ्यावी. तीत देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कानडी ‘क’ही असतो. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर भागात मराठी व कानडी माध्यमांचे शिक्षक शेजारी बसवून हे करून घेतल्यास लांबलचक भाषणाची गरज उरत नाही.

यानंतर उणीवही दाखवावी. जुन्या फाँटांत टंकलेली एखादी प्रश्नपत्रिका मुद्दाम उघडावी. त्या यंत्रात तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतील. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि नंतर तपासावाही लागतो, हे तेथेच सांगावे. ही अडचण झाकून ठेवली, तर शिक्षकास ती ऐन परीक्षेच्या आठवड्यात कळेल.

प्रात्यक्षिक दाखविणाऱ्याने कळफलकापासून शक्य तितके दूर राहावे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका एकशिक्षकी शाळेत २००७ साली लिनक्सवर चालणारे छोटे संगणक देण्यात आले, तेव्हा ते थेट मुलांच्याच हाती दिले होते. मोठ्यांच्या बाबतीत हाताळण्याची ही संधी देण्यास आपण उगाच संकोचतो.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर तालीम करावी. इंटरनेट नाही असेच धरून चालावे. या प्रणालीच्या प्रती काढून वाटण्यास परवाना आडवा येत नाही. तेव्हा चार-दोन पेनड्राइव्ह अगोदर भरून ठेवावेत आणि ज्या शाळेचा संगणक आणला, तिच्या गुरुजींना पहिला द्यावा.