परदेशी स्वयंसेवक आणि आफ्रिकेतील मातीची चूल
(लेखमाला : चूल आणि इंधन, लेखांक ६)

आफ्रिकेतील खेड्यांत सुधारित चुली बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १९७०च्या दशकात साहेल पट्ट्यात पडलेल्या भीषण दुष्काळानंतर. जंगल घटत होते आणि सरपणासाठी बायकांची पायपीट वाढत होती. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग भांड्याला लागतो. चूल सुधारली तर लाकूड वाचेल, हा त्यामागचा हिशेब होता. धुरामुळे होणाऱ्या आजारांचा विचार नंतर पुढे आला.

या कामात परदेशी स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक सुमारे तीन महिने भाषेचे व कामाचे प्रशिक्षण घेऊन दोन वर्षे गावातच राहतात. याउलट काही संस्था विद्यार्थ्यांच्या तुकड्या दोन-चार आठवड्यांसाठी पाठवतात आणि त्याचा खर्च विद्यार्थ्यांकडूनच घेतात. चुलीचे पुढे काय होते, हे या कालावधीवर बरेच अवलंबून असते.

सुरुवातीचा नमुना होता ग्वाटेमालात १९७६च्या भूकंपानंतर तयार झालेली ‘लोरेना’ चूल. माती आणि वाळू यांचा भरीव ओटा, त्यात कोरलेले वैल आणि मागे धुराडे, अशी तिची रचना. हाच प्रकार सेनेगलमध्ये ‘बान अक सूफ’ या नावाने आला. चाचण्यांत मात्र या जाड चुलींचा दोष उघड झाला. आगीची बरीचशी उष्णता मातीच तापवण्यात खर्च होत होती आणि काही वेळा उघड्या आगीपेक्षाही जास्त लाकूड जळत होते.

अमेरिकेतील ओरेगन राज्यातील ‘अप्रोव्हेचो’ संशोधन केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात यावर ‘रॉकेट’ चुलीचा तोडगा काढला. तिचा जळणकक्ष आडव्या तोंडाचा आणि वर उभ्या नळीसारखा असतो. भोवती उष्णता अडवणारा हलका थर असतो. लाकडाची फक्त टोके जळतात आणि त्यांच्याखालून हवा आत शिरते. आग अतिशय तापल्याने धूरही बराचसा जळून जातो. भांडे आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवली, की गरम वायू भांड्याला घासून वर जातात.

युगांडात या दोन्ही प्रकारांचा मेळ घालून ‘रॉकेट लोरेना’ चूल रुजली. तिला लागणारे साहित्य गावातच मिळते. वारुळाची माती चाळून, भिजवून, गवत घालून तुडवतात. जळणकक्षाभोवती लाकडाचा भुसा मिसळलेली माती लावतात. केळीच्या खोडाचे तुकडे साच्यासारखे आत ठेवून त्यांभोवती माती चोपतात आणि नंतर ते काढून टाकतात. वैलाचे माप त्या घरच्या भांड्यावरूनच घ्यावे लागते. चूल पूर्ण वाळायला काही आठवडे जातात. घाईने पेटवली तर ती तडकते.

चूल बांधून झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. धुराडे काजळीने तुंबते, जळणकक्षाचे तोंड झिजते, तडे लिंपावे लागतात. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘पोशो’ जोर लावून घोटावा लागतो. भांडे हलू लागले तर बाई पुन्हा तीन दगडांकडे वळते. पाहुण्यांसाठी मोठे भांडे चढवायचे असले, तरी जुनी चूलच पेटते. त्यामुळे बहुतेक घरांत दोन्ही चुली शेजारी शेजारी चालू राहतात आणि बचत अपेक्षेपेक्षा कमी होते.

आरोग्याबाबतही सावध राहावे लागते. मलावीत दहा हजारांहून अधिक लहान मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंख्यावर चालणाऱ्या स्वच्छ चुली देऊनही मुलांच्या न्यूमोनियाचे प्रमाण घटले नाही. एका घरातील चूल बदलली, तरी कचरा जाळणे, शेजारची आग असा बाकीचा धूर राहतोच. लाकडाची चूल कितीही सुधारली, तरी तिचा धूर गॅस किंवा विजेच्या शेगडीइतका कमी होत नाही.

म्हणून स्वयंसेवकाच्या कामाचे मोजमाप त्याने बांधलेल्या चुलींच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. त्याने किती स्थानिक कारागीर तयार केले, हे अधिक महत्त्वाचे. घरातल्या बाईने स्वतः माती तुडवलेली असेल, तर तडा गेल्यावर ती स्वतःच लिंपते. गावात मोबदला घेऊन चूल बांधणारा कुणी असेल, तर झिजलेल्या चुलीच्या जागी नवी उभी राहते. मलावीतील ‘चितेतेझो म्बाऊला’ ही भाजलेल्या मातीची, उचलून नेता येणारी चूल याच वाटेने पसरली. खेड्यांतील गट, मुख्यतः बायका, ती घडवतात, भट्टीत भाजतात आणि बाजारात विकतात. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाचे काम मापे शिकवणे, नमुना तपासणे आणि भट्टी बसवायला मदत करणे एवढेच उरते. त्यासाठी काही आठवडे पुरत नाहीत, गावात राहावे लागते.