पिकअप कुठून येतो

हुलसूरच्या गॅरेजवर गाडी आणणाऱ्या तरुणांची मागणी बहुतेक वेळा एकच असते: पिकअप वाढवून द्या. गाडी बहुधा स्प्लेंडर. तिच्यावर तुरीचं पोतं, दुधाचे कॅन, कधी अख्खं कुटुंब. भालकीचा नाहीतर बसवकल्याणचा रस्ता धरला की चढाला ती दम टाकते, आणि मग कुणीतरी सांगतं, बोअर वाढव. ज्या मिस्त्रींशेजारी स्टुलावर बसून मी हे काम पाहिलं, ते लगेच पाना उचलत नाहीत. "आधी गेलेली ताकद माघारी आणू, मंग वाढवायचं बगू," म्हणतात.

स्प्लेंडरच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, मिळून ९७.२ सीसी. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर तिची ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर. त्या वेगाला इंजिन मिनिटाला ४,००० वेळा हवा ओढतं. दर वेळी सिलिंडर पुरता भरला तर जवळजवळ ३९० लिटर. ताकद या हवेत आहे. पेट्रोल कितीही ओतलं तरी ते जाळायला हवाच लागते. इथे उणीव झाकायला दुसरा सिलिंडर नसतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट, आणि तो कमजोर पडला की थेट चाकाला कळतं.

म्हणून पहिली तपासणी दाबाची. मिस्त्री प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडतात, प्लग परत लावतात आणि किक मारून बघतात. किक आधीपेक्षा जड लागली तर दाब पिस्टनच्या रिंगांजवळून निसटतोय. फरक पडला नाही तर संशय वॉल्ववर. हेड उतरवलं की पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं. ते सीटमधून पाझरलं, तर पेस्ट लावून वॉल्व सीटवर घासायचा, राखाडी रंगाचं सलग कडं उमटेपर्यंत. यात एक सीसीही वाढत नाही, पण चढाला मरणारी गाडी एवढ्यानंही पुन्हा ओढू लागते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला स्फोटाचा दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी, तिथे झीज अधिक. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडेही अधिक. गोल भोक असं हळूहळू लंबगोल होतं. मग ब्लॉक बसवकल्याणच्या ऑटोनगरात बोअरिंगला जातो. पिस्टन आधी विकत आणून ब्लॉकसोबत पाठवायचा, ही मिस्त्रींची सक्त अट. कारण भोक त्या पिस्टनच्या मापानं कापायचं असतं आणि दोहोंतली फट जेमतेम दोन-तीन शतांश मिलिमीटरची. कापून झालं की होनिंग. त्यानं भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी उमटते आणि त्या रेघा ऑइल धरून ठेवतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसायला छान, पण तिच्यावर ऑइल टिकत नाही आणि नवी रिंगही नीट बसत नाही.

वाढीव पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटरचे मिळतात. पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी ९७.२ चे १०१ सीसी होतात, म्हणजे फक्त ४ टक्के. बोअर केलेली गाडी नवी झाल्यासारखी वाटते ती झीज गेल्यामुळे. सीसी वाढल्याचा त्यात वाटा लहान.

हेड घासून कॉम्प्रेशन ९ चं १० केलं, तर गणितानं फायदा ३ टक्क्यांच्या आसपास. त्या बदल्यात वॉल्व पिस्टनजवळ येतात, टायमिंगही थोडं सरकतं आणि ओझं घेऊन चढताना टकटक सुरू होऊ शकते. ती टकटक चालूच राहिली तर पिस्टनचा माथा जळतो. रोज ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी हा सौदा मला अजिबात पटत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी हल्ली पेट्रोल मोजून सोडणारा जेट महत्त्वाचा झाला आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. प्लगचं टोक पांढरं दिसलं तर जेट एक नंबर मोठा घालून बघावा; टोक तपकिरी हवं.

सायलेन्सर पोकळ केल्यानं आवाज वाढतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ बहुधा कमी होते. पुढचं स्प्रॉकेट १४ ऐवजी १३ दातांचं बसवलं तर चाकाला सुमारे ७.७ टक्के जास्त ओढ मिळते, पण त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं. ओझ्याच्या गाडीला मात्र हा सर्वांत स्वस्त आणि खरा उपाय आहे.

वेगाच्या हौसेनं आलेल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा: ताकद १० टक्के वाढली तरी कमाल वेग ३ टक्क्यांच्या आसपासच वाढतो, कारण हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. शिवाय नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा गाडी बदलली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग होतो. कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तेव्हा बोअरचा खर्च करण्याआधी दाब, वॉल्व, एअर फिल्टर आणि चेन तपासून घ्या. बोअर केलीच, तर पिस्टनचं माप बिलावर लिहून घ्या आणि पहिले काही शे किलोमीटर गाडी ताणू नका.