दप्तर भिजते कुठून?

सायकलच्या कॅरिअरला अडकवलेली पिशवी ‘वॉटरप्रूफ’ असते, तरी शाळेत पोचेपर्यंत आतल्या वह्या ओल्या होतात. असे का? कापडावरचा प्लास्टिकचा लेप पाणी अडवतो. पण शिवताना सुईने त्याला शेकडो भोके पडतात. सुती दोरा तर पाणी शोषून आत पोचवतो. साध्या चेनच्या दात्यांमध्येही फटी असतात. शिवाय चाकाने उडवलेले पाणी खालून येते, नेमके तळाच्या शिवणीवर.

म्हणून पिशवी निवडताना आपण कापडाइतकेच जोडही पाहू. उष्णतेने चिकटवलेले जोड आणि तीन-चार घड्या घालून बंद होणारे तोंड उत्तम. घरच्या पिशवीची परीक्षा सोपी आहे: तळ बुडेल एवढे पाणी आत ओतून ती टांगून ठेवू. थेंब जिथून बाहेर येईल, तिथूनच पाऊस आत शिरतो.