मराठी विकिपीडियाचा कारभार

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती मुक्तस्रोत आहे. मजकूरही मुक्त परवान्याखाली असतो; श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली तो कोणालाही पुन्हा वापरता येतो. लेख तपासून छापणारे संपादक मंडळ इथे नाही. समजा, ‘वर्धा जिल्हा’ या लेखातल्या आठ तालुक्यांतून कोणी समुद्रपूर खोडले. लेखाच्या इतिहासात तो बदल तारीख-वेळेसह नोंदला जातो आणि दुसरा सदस्य तो लगेच उलटवू शकतो. मतभेद झाला तर चर्चापानावर संदर्भ मांडावे लागतात. धोरणाचे प्रश्न ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर येतात.

पान वगळणे, सुरक्षित करणे, उपद्रवी खाते रोखणे हे अधिकार प्रचालकांकडे असतात. त्यांच्या निवडीसाठी सदस्यांचा कौल घेतला जातो. मात्र मजकुराच्या वादात प्रचालकाच्या मताला जादा वजन नसते, आणि या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

वाढीची खरी अडचण माणसांची आहे. वाचणारे पुष्कळ, नियमित लिहिणारे थोडे. म्हणून महाविद्यालयांतल्या कार्यशाळा महत्त्वाच्या. पण नवख्याचा पहिलाच लेख संदर्भाअभावी वगळला गेला आणि कारण कोणी नीट समजावले नाही, तर तो सहसा परत फिरकत नाही. प्रणालीचे मराठी रूपही स्वयंसेवकच घडवतात: बटणांवरचे शब्द, सूचना, त्रुटिसंदेश यांचा अनुवाद ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर होतो.