नदीकाठची फुरसत

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन पूल बुडाला की गडचिरोलीच्या या टोकाचा रस्ता तुटतो. तेव्हा ताप, सर्पदंश, बाळंतपणं यांतून माझ्यासारख्या आरोग्य स्वयंसेवकाला उसंत मिळत नाही. होळीच्या सुमाराला मात्र नदी उतरते, मोह फुलतो आणि दुपारी वाळूत जाऊन बसता येतं.

मला त्या वेळी डबकी पाहायला आवडतं. प्रवाह मागे सरला की खडकांच्या खळग्यांत आणि वाळूच्या कडेला नितळ पाणी साचून राहतं. हिवताप पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाची मादी अशाच पाण्यात अंडी घालते. वाकून पाहिलं तर अळ्या पृष्ठभागाला लागून आडव्या पडलेल्या दिसतात. त्यांना श्वासाची नळी नसते. क्युलेक्सच्या अळीला ती असते, म्हणून ती शेपटाकडची नळी वर धरून डोकं खाली करून लोंबकळते. माझी सावली पडली की सगळ्या अळ्या तळाला जातात आणि क्षणभर थांबलं की पुन्हा वर येतात. या उन्हात अंड्याचा डास व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. घरातल्या पाण्यासाठी आम्ही आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून सुकवायला, म्हणजे ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. नदीला तो कसा पाळायला लावणार? मग पोहायला आलेली माडिया आदिवासी पोरं आणि मी मिळून हातांनी वाळूत चर काढतो आणि डबकं प्रवाहाला जोडतो. पाणी वाहतं होतं, बारके मासे आत शिरतात आणि अळ्या टिपतात.

शेजारी जाळं सांधत बसलेल्या एका काकांना मी सहज विचारलं, औषधाची मच्छरदाणी वापरता का? “घरी आहे की, दादा. पण रात्रीची मासोळी कशी सोडायची?” मासेमारीच्या दिवसांत ते रात्रभर वाळूतच झोपतात, आणि हिवतापाचा डास चावतो तो रात्रीच. दवाखान्यात आम्ही ‘ताप कधीपासून?’ एवढंच विचारतो. रात्री कुठं झोपलात, हे विचारायचं राहून जातं.

जवळच हेमलकशाला १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथं डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीला झाडाखाली रुग्ण तपासले. लोकांमध्ये राहूनच तिथलं काम उभं राहिलं. म्हणून नव्या स्वयंसेवकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की कामाच्या वेळापत्रकात नदीवरची दुपार ठेवा. आणि मच्छरदाण्या वाटताना घरातल्या माणसांसोबत रात्री बाहेर झोपणारेही मोजा. नदीवर न्यायला एक मच्छरदाणी जादा द्या.