प्रोस्टेट वाढली म्हणजे काय?

समजा, कुडव्याचे एक आजोबा पोट दुखते म्हणून गोंदियाला गेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी करविली. कागदावर लिहून आले, 'प्रोस्टेट वाढली आहे.' झाले! घरात रडारड. शेजारी म्हणतो, "कॅन्सरच तो."

थांबा. आधी आपण नीट समजून घेऊ.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या पोटातली एक ग्रंथी आहे. आवळ्याएवढी. वीर्यात मिसळणारा रस ती तयार करते. आता आपली गावची बोडी डोळ्यांपुढे आणा. मूत्राशय म्हणजे बोडी. लघवीची नळी म्हणजे तिच्यातून निघणारा पाट. पाटाच्या तोंडाशी ही ग्रंथी नळीला वेढून बसलेली असते. ती फुगली की तोंड अरुंद होते. धार बारीक पडते. जोर करावा लागतो. बोडी पुरती रिती होत नाही, म्हणून रात्री तीन-चारदा उठावे लागते.

साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी थोडीफार वाढलेली असते. केस पिकतात, तसेच हे. ही वाढ कॅन्सर नव्हे; तिचा पुढे कॅन्सर होतो असेही नाही. पण कॅन्सर याच ग्रंथीत वेगळा होऊ शकतो. नुसत्या सोनोग्राफीवरून तो नक्की कळत नाही. म्हणून डॉक्टर बोटाने तपासतात, रक्तही तपासतात. त्यात लाज कसली?

कागदावरचे दोन आकडे विचारून घ्या. पहिला ग्रंथीच्या आकाराचा. २०-२५ असला तर ठीक. पण ५० असूनही कोणाला त्रास नसतो, आणि ३० वर कोणी बेजार होतो. आम्ही दुसऱ्या आकड्याला जास्त मानतो. लघवी करून आल्यावर आत किती उरली, ते तो सांगतो. तेवढ्यासाठीच तर परत निजवून पाहतात. पुष्कळ उरत असेल तर मूत्रपिंडांवर ताण येतो. कधी काही दुखत नाही, अन् मूत्रपिंडे मात्र खराब होत जातात.

त्रास नसेल, लघवीही उरत नसेल, तर बहुधा औषध लागत नाही. अधूनमधून तपासणी पुरे. एका गोळीने नळीचे तोंड सैल होते. गुण थोड्याच दिवसांत येतो, पण उठताना चक्कर येते, सावकाश उठावे. दुसरीने ग्रंथी आकसते, तिला सहा महिने लागतात. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा लघवीच्या वाटेनेच करतात, पोट फाडत नाहीत. गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथे आधी विचारावे.

सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी एकदम अडते. तेव्हा दुकानातून गोळी घेताना हा आजार सांगा. आणि अडलीच, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामे करतात, आणि माणसाला लगेच हायसे वाटते.